बांधावरच्या घरातली शेगडी

कापेल आन डेन आयसेल
२८ डिसेंबर २०२०

प्रिय लतिका,

नाताळचं कार्ड मिळालं. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शीळ घालतं, आणि काढून ठेवलं तर पलीकडचं माणूस विहिरीत बसून बोलतंय असं वाटतं. कानाच्या क्लिनिकनं फेब्रुवारीतली तारीख दिली आहे. अंबरीश आइंडहोवनहून व्हिडिओवर दिसतो, त्याचे ओठ हलतात, मी मान हलवतो. मग तो बायकोला, अश्लेषाला, सांगतो की बाबा मजेत आहेत. तू मात्र शोभाची बहीण, तुला मान हलवून फसवता येणार नाही, म्हणून पत्र.

बातमी अशी की आमचा हीटिंगचा बॉयलर बंद पडला. मेकॅनिक येऊन गेला. पार्ट बाहेरून मागवावा लागेल म्हणाला, आणि आता तो स्वतःच क्वारंटाइनमध्ये आहे. जानेवारीअखेर धरून चाला, असं त्यांच्या ऑफिसनं कळवलं. इलेक्ट्रिक हीटर लावला तर या जुन्या घराचा फ्यूज उडतो. म्हणून बैठकीतली तेलाची शेगडी पेटवली आहे. तुला आठवत असेल, खिडकीजवळची तपकिरी, पुढे काच असलेली. घर घेतलं तेव्हाच ती इथे होती. शोभा तिच्यावर कुंड्या ठेवायची. निदान बारा वर्षं तरी पेटली नव्हती.

घाबरू नकोस. माझं उभं आयुष्य आधी जहाजावर आणि मग रॉटरडॅमच्या गोदीत इंजिनं नि बॉयलर सांभाळण्यात गेलं. ही त्यापुढे खेळणं आहे. मागच्या टाकीतून रॉकेल थेंबाथेंबानं खालच्या भांड्यात उतरतं आणि तिथे जळतं. मी भांडं खरवडून घेतलं, व्हॉल्व्ह उघडून साफ केला, नळी गळत नाही ना ते बघितलं. टाकी भरायची ती शेगडी पूर्ण गार असतानाच. ज्योत विझली तर लगेच पुन्हा काडी लावायची नाही, कारण भांड्यात तेल साचलेलं असतं आणि गरम भांड्यावर त्याची वाफ होते. व्हॉल्व्ह बंद करायचा, गार होऊ द्यायचं, साचलेलं पुसून काढायचं, मग नव्यानं सुरुवात. पेटल्यावर पहिला थोडा वेळ ज्योत बारीक ठेवायची. हे सगळं मी पाळतो.

फटींतून वारा येतो म्हणून अंबरीशनं टेपची रिळं पाठवली होती. दोन्ही खिडक्या आणि वरची हवेची जाळी बंद करून टाकली. आता खोली छान ऊबदार असते. शैलेंद्र कसा आहे?

दिनकर


हार्लेम
२ जानेवारी २०२१

ती. भाऊजींना सा. न.

नवं वर्ष चांगलं जावो. पत्र वाचून बरं वाटलं आणि काळजीही वाटली. तुम्ही व्हॉल्व्ह, भांडं, नळी सगळं बघितलंत, पण धुराचं काय? पुण्याला आमच्या शेजारी बंब असायचा, त्याचं धुराडं दर दिवाळीआधी साफ करत. तुमचं कुणी बघितलंय का? आणि वरची जाळी बंद केलीत ती का? शोभाताई ती उन्हाळ्या-हिवाळ्यात उघडीच ठेवायची असं मला आठवतं. मला त्यातलं कळत नाही, फक्त विचारते.

शैलेंद्र ठीक आहे. बायपास झाल्यापासून मी जपून असते, त्यामुळे आमच्याकडे कुणी येत नाही आणि आम्ही कुठे जात नाही. नाहीतर एखाद्या दिवशी तुमच्याकडे चक्कर मारली असती. संक्रांतीला तिळाचे लाडू पोस्टानं पाठवते. नीट खा, नीट झोपा.

लतिका


कापेल
९ जानेवारी २०२१

प्रिय लतिका,

धुराड्याचं म्हणशील तर ते ओढतंय. खोलीत धूर नाही, वास नाही, आणि छताला धुराचा अलार्म आहे, तो एकदाही वाजलेला नाही. त्याचा दिवा चालू आहे हे मी रोज बघतो. शेगडीची काच मात्र लवकर काळी होते. रोज सकाळी पुसावी लागते. ज्योतही पूर्वीसारखी ताठ नाही, पिवळी आणि सुस्त आहे. या वेळचं रॉकेल हलकं मिळालेलं दिसतं.

तब्येत थोडी नरम आहे. सकाळी उठलो की डोकं जड, पोटात मळमळ, पाय ओढल्यासारखे. कोरोनाच असणार म्हणून टेस्ट करून आलो. रॉटरडॅमला रांगेत तासभर उभा होतो, कडाक्याची थंडी, आणि गंमत म्हणजे तिथे अगदी बरा होतो. तिथल्या मुलीला म्हटलं, तुमच्या रांगेतच बरं झालो. निकाल निगेटिव्ह आला. पण निगेटिव्ह चुकतोही म्हणतात, म्हणून मी घरातच बसून आहे. दार बंद, शेगडी चालू, चादर गुंडाळून खुर्चीत.

परवा भात गॅसवर ठेवून विसरलो. अंबरीश व्हिडिओवर होता, त्याला भांडं जळताना दिसलं, मला दिसलं नाही. मग त्यानं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं की आज वार कोणता. मला सांगता आला नाही. इथे एकट्याला वार हवाय कशाला?

दिनकर


हार्लेम
१३ जानेवारी २०२१

ती. भाऊजी,

अंबरीशचा मला फोन आला होता. भाताचं त्यानंही सांगितलं. तो रडवेला झाला होता. तुम्ही तुमच्या हाउसआर्ट्सना, फॅमिली डॉक्टरांना, एकदा दाखवा, म्हणजे त्याचं समाधान होईल. कोरोना नसेल तर दुसरं काही असेल, वय झालं की बारीकसारीक गोष्टी होतात, औषधं असतात. मनाला लावून घेऊ नका.

लाडू पोस्टात टाकले. एका डब्यात गुळाची पोळीही आहे. जेवताय ना?

लतिका


कापेल
१९ जानेवारी

प्रिय लतिका,

लाडू मिळाले. चांगले झालेत, शोभाच्या हातचे वाटले. दिवसभर झोप येते. हाउसआर्ट्सकडे गेलो नाही, ते फोनवरच विचारतात आणि मला फोन ऐकू येत नाही. अंबरीशनं एका वृद्धांच्या वसाहतीचे फोटो पाठवलेत, आइंडहोवनजवळ, तळं आहे, बदकं आहेत. मला बदकं नकोत. गेल्या मार्चमध्ये अशाच एका ठिकाणी माझा गोदीतला मित्र कोरोनानं गेला. मुलगी खिडकीबाहेर उभी राहून बघत होती. आत सोडलं नाही.

या वर्षी तू लाडू पाठवले नाहीस. शैलेंद्रच्या आजारपणात जमलं नसेल, हरकत नाही.

डोकं दुखतंय, थांबतो.

दिनकर


हार्लेम
२८ जानेवारी २०२१

ती. भाऊजी,

त्या दिवशीचं काही आठवत नाही, नेमकं काय झालं ते लिही, असं तुम्ही हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या मास्कमुळे पाटीवर लिहून मला विचारलंत. तेव्हा नर्स आली आणि मला बाहेर जावं लागलं. म्हणून आता सगळं लिहिते, आधीपासून.

तुमचं लाडवांचं पत्र वाचून मी अंबरीशला फोन केला. त्याला सांगितलं की तू म्हणतोस ते खरं आहे, भाऊजींची स्मृती जायला लागली आहे. तुमची तिन्ही पत्रं मी त्याला फोटो काढून पाठवली. त्यानं वसाहतीत नाव घातलं होतंच, पण तुमची तयारी नसताना पुढे कसं जायचं हे त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, मी जाऊन प्रत्यक्ष बघून येते. म्हणून रविवारी आले. तुम्हाला नुसती भेट वाटली असेल. ती नव्हती.

दुपारी पोचले. घरात एकावेळी एकच पाहुणा चालतो, पण तुम्ही मला आत घेईनात. मला कोरोना असला तर शैलेंद्रला होईल म्हणालात. आपण नदीच्या बांधावरच्या बाकावर दोन टोकांना बसलो. मी तुमच्या कानाजवळ न येता, मास्क खाली करून मोठ्यानं बोलत होते, तुम्ही ओठ वाचत होता. पहिली काही मिनिटं तुम्ही मलूल होता. मग हळूहळू खुललात. नदीतून एक बार्ज चालली होती, तिचं इंजिन कुठल्या जातीचं ते तुम्ही नुसत्या कंपनावरून सांगितलंत. शोभाताईचं बाळंतपण झालं त्या रात्री गोदीत कुठलं जहाज होतं, त्याच्या कप्तानानं काय भेट दिली, माझा हार्लेमचा पोस्टकोड, सगळं बिनचूक. तास सव्वा तास झाला. मी मनात म्हणत होते, यांना काय झालंय? मी अंबरीशला काय सांगून बसले?

मग तुम्ही चहा करायला आत गेलात. मी थांबले. खूप वेळ झाला तरी तुम्ही येईनात. हाक मारून उपयोग नव्हता, म्हणून मास्क चढवून आत आले. किटली उकळून बंद झालेली होती आणि तुम्ही शेगडीसमोर खुर्चीत बसला होता. माझ्याकडे बघून म्हणालात, "शोभा, कोट काढ ना."

मी समोर बसले. मला वाटलं, हे असंच असतं, तासभर माणूस असतो आणि मग नसतो. तुमचा हात हातात घेऊन मी बसून राहिले. किती वेळ ते नक्की सांगता येणार नाही. मग माझंच कपाळ आवळल्यासारखं झालं आणि मळमळायला लागलं. मास्कमुळे असेल म्हणून मी मास्क काढला. आणखीच गरगरलं. तेव्हा मनात आलं की भाऊजींचं डोकं बिघडलंय हे ठीक, पण माझं का बिघडावं? दोघांचं एकदम? तुमच्या शेगडीची काच पूर्ण काळी होती. वर जाळीवर टेप होती. टेस्टच्या रांगेत बरे होता, बाकावर बरे होता, आणि आत आलात की हे.

दार सताड उघडलं आणि तुम्हाला काखेत धरून ओढत बाहेर आणलं. तुम्ही जड आहात. उंबऱ्यावर दोघं पडलो, माझा गुडघा अजून निळा आहे. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला आठवेना, आणि पुन्हा आत जायचं धाडस झालं नाही. बाकाजवळ बसून एक एक दोन लावला. फायर ब्रिगेडचा माणूस हातात छोटं मीटर घेऊन दारापर्यंत गेला, थांबला, आम्हाला म्हणाला, अजून मागे सरका. मग त्यानं तोंडावर यंत्र चढवलं आणि आत जाऊन शेगडी बंद केली. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. धुराचा अलार्म त्यानं वाजत नाही, त्याचा वेगळा अलार्म असतो. दुसऱ्या दिवशी धुराडं साफ करणाऱ्यानं वरून पोतं भरून काटक्या काढल्या. करड्या मानेचे छोटे कावळे असतात ना, त्यांची घरटी, बऱ्याच वर्षांची, एकावर एक. थोडीशी वाट राहिली होती, तिच्यातून तुमचं धुराडं ओढत होतं.

डॉक्टर म्हणाले, विसरणं त्या वायूमुळेही असू शकतं, थोडे दिवस जाऊ देत, मग कळेल.

पत्रं अंबरीशला पाठवली हे तुम्ही त्याच्याकडून ऐकण्याआधी मी सांगायला हवं होतं, म्हणून सांगितलं.

लतिका


आइंडहोवन
२ फेब्रुवारी २०२१

लतिका,

तू आली नसतीस तर मी मेलो असतो. हे मला समजतं आणि त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे. पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो, कारण पुढचं वाचून तुला शंका येऊ नये.

अंबरीशकडे आहे. डोकं दुखायचं थांबलं. वार, तारीख, सगळं सांगता येतं. अंबरीश स्वतःला दोष देतो. टेप त्यानं पाठवली होती. मी त्याला म्हटलं, पाठवलीस तू, चिकटवली मी, आणि मला कुठे चिकटवू नये हे कळायला हवं होतं. बॉयलर पेटवण्याआधी धूर बाहेर जायची वाट मोकळी आहे का ते तपासायचं, हे मी पोरसवदा होतो तेव्हा मला शिकवलं होतं. तू विचारलंस तेव्हाही मी बघितलं नाही. शोभाच्या कुंड्या उचलल्या, आत डोकावलो, आणि सगळं कळलं असं समजलो. तरीही अंबरीशनं काल स्वतःच्या घरातल्या सगळ्या खिडक्यांची टेप उपटून काढली. त्याच्याकडे शेगडी नाही.

आता दुसरं. मी तुला पत्रं लिहिली ती तुला लिहिली. बदकांचं लिहिलं ते तुला लिहिलं. तू ती पुढे पाठवलीस, आणि तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत की मी आता मी राहिलो नाही. मला एका ओळीनं विचारलं नाहीस. औषधं असतात, मनाला लावून घेऊ नका, असं लिहिलंस. माझ्याबद्दल काय ठरतंय हे न कळणारा मी एकटाच होतो. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो लगेच जाईल असं वाटत नाही.

दिनकर


हार्लेम
१५ फेब्रुवारी २०२१

ती. भाऊजी,

तुमचा राग बरोबर आहे. त्यावर मी काही म्हणणार नाही. पण मी इतक्या लवकर तसं का समजले, ते सांगते. हे अजून अंबरीशलाही माहीत नाही.

शैलेंद्रला गेल्या ऑगस्टमध्ये अल्झायमरचं निदान झालं. हृदयाचं कारण मी लोकांना सांगते, आणि लॉकडाउनमुळे कुणी घरी येत नाही हे माझ्या पथ्यावर पडलं. त्या रविवारी तेवढी एक नर्स त्याच्याजवळ बसवून आले होते. सकाळी तो दाढी करून, टाय लावून तयार होतो आणि दाराशी उभा राहतो. ऑफिसला जायचं असतं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. जेवण झाल्यावर तासाभरानं विचारतो, आज जेवायचं नाही का? कधी कधी मला विचारतो, लतिका कधी येणार? मी सांगते, येईल इतक्यात. तुमचं लाडवांचं पत्र आलं तेव्हा मी आमच्या घरात रोज ऐकते तेच मला त्यात ऐकू आलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की हे फक्त माझ्याच घरात नाही. हे लिहायला लाज वाटते.

तुम्ही बरे झालात तेव्हा मला आनंद झाला. त्यानंतर काही दिवस मी नीट झोपले नाही.

गेल्या मंगळवारी, बाहेर सगळे कालवे गोठले होते आणि मुलं बर्फावर स्केटिंग करत होती, तेव्हा मी आमच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आमच्याकडे शेगडी नाही, बॉयलर नाही, गरम पाणी खालून येतं, स्वयंपाकसुद्धा इंडक्शनवर. घरात कुठे काडी ओढली जात नाही. हे मला माहीत होतं. तरी उघडल्या आणि सोफ्यावर त्याच्या शेजारी बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला थंडी वाजायला लागली. उठून त्यानं कोट घातला, मफलर गुंडाळली, माझाही कोट आणून दिला आणि विचारलं, "कुठे निघालोय आपण?"

मी म्हटलं, कुठेच नाही. मग खिडक्या लावून घेतल्या.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

लतिका


कापेल
२० फेब्रुवारी २०२१

प्रिय लतिका,

पत्र अंबरीशकडून फिरून इथे आलं. मी सोमवारपासून घरी आहे. बॉयलर दुरुस्त झाला. हाउसआर्ट्सच्या नर्सनं समोर बसवून परीक्षा घेतली, घड्याळ काढायला लावलं, शब्द पाठ करायला लावले. पास झालो. वसाहतीतलं नाव राहू दे, असं मी अंबरीशला सांगितलं. पुढे कधी खरंच वेळ आली तर आधी मला येऊन सांगायचं, मग बाकीच्यांना, एवढं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तो हो म्हणाला आणि मग बराच वेळ नळाखाली कप धूत बसला.

शेगडी काढून टाकली नाही. धुराडं साफ आहे, वर जाळीची टोपी बसवली म्हणजे पक्षी शिरणार नाहीत, खिडकीवरची जाळी उघडी आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला. मला आवाज ऐकू येणार नाही म्हणून त्याला झगमगणारा दिवा आहे आणि उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती. अंबरीशनं बटण दाबून बघितलं तेव्हा मी दचकून उठलो. काच काळी झाली की शेगडी बंद करायची, तेल हलकं आहे असं म्हणायचं नाही, हे मी मागच्या भिंतीवर लिहून लावलंय. पण बॉयलर चालू असेपर्यंत तिला हात लावणार नाही.

शैलेंद्रचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि बांधावर फिरून आलो. तुला बरं वाटलं त्याची लाज नको. मला तू ऑगस्टमध्येच सांगायला हवं होतंस, पण मीही डोकं दुखतंय हे पत्राच्या तळाशी लिहीत होतो.

गुरुवारी येतो. कापेलहून मेट्रो, रॉटरडॅमहून गाडी, साडेअकरापर्यंत पोचतो. एक पाहुणा चालतो, तो मी. शैलेंद्रनं मला ओळखलं नाही तर मी त्याला नाव सांगेन, पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. तो ऑफिसला निघाला तर आम्ही दोघं टाय लावून कालव्यापर्यंत जाऊन येऊ. मला ऐकू येत नाही आणि त्याला आठवत नाही, तेव्हा गप्पा चांगल्या चालतील. जेवायला काही करून ठेवू नकोस, मी पोहे करीन.

तू त्या वेळात घराबाहेर जा. कुठे जायचं ते आताच ठरवून ठेव, नाहीतर दाराशी घुटमळत बसशील. संध्याकाळ झाली तरी घाई करू नकोस. फक्त नऊला कर्फ्यू लागतो आणि मला त्याआधी घरी पोचायचं असतं, एवढं ध्यानात ठेव.

दिनकर